दोन हजारावर नऊ

आमच्या घराण्यात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे. ते मला कुणी दिलेलं नाही. लग्नकार्यात जेवणं उरकली, पानाचा डबा फिरला, की मी आपण होऊन सुरू करतो आणि उठू पाहणारी माणसं लाजेखातर बसतात. माझ्या गोष्टींतले आकडे माझ्याबरोबर वाढत आले आहेत. दुधनेच्या पुरात आमच्या मामांची एक म्हैस वाहून गेली होती. ती आता सात म्हशींवर आली आहे. बायको म्हणते, तुमी साठीला पोचेस्तोवर मामांचा सगळा गोठा रिकामा करणार.

एका गोष्टीत मात्र मला आकडा हलवता येत नाही. हलवायला गेलो की पाठीमागून कुणीतरी विचारल्यासारखं वाटतं, "मुनशी, किती म्हनालाव?" आणि माझी जीभ जागच्या जागी बसते.

हा आवाज दाजींचा. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान, काशिनाथअप्पा. सेलूच्या एका जिनिंगात एंजिनावर मिस्तरी होते. घर मूळचं मानवतचं, किराणा-भुसाराचं. चारही भाऊ गादीवर बसून तागडी धरणारे. हे एकटे हातात पाना घेऊन निघाले. भावांनी त्यांचं नाव टाकलं नाही, पण घ्यायचं झालं तर जरा खालच्या आवाजात घ्यायचे.

बुटका, भरल्या अंगाचा माणूस. सकाळी आंघोळ करून कपाळाला भस्माचे तीन पट्टे ओढायचे, डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजा करायचे, एक अक्षर न बोलता. मग जिनिंगात जाऊन एंजिन सुरू करायच्या आधी तोच डावा तळहात एंजिनाच्या अंगावर ठेवायचे. कापूस घेऊन आलेले गाडीवाले हसायचे. "अप्पा, एंजिनालाबी भस्म लावतेत का हो?" दाजी उत्तर देत नसत. कोटाच्या वरच्या खिशात, जिथं त्यांचे भाऊ अडकित्ता ठेवत, तिथं यांचा मापायचा लोखंडी चिमटा असे.

त्यांचे शब्द दोनच. एक "असंल" आणि दुसरा "किती?"

"असंल" जगातल्या सगळ्या गोष्टींना चाले. दाजी, तुमचं वय काय? "चाळीसेक असंल." दाजी, मानवतच्या भावांनी वाडवडलांची जागा आपसात वाटून घेतली म्हणे. "असंल." दाजी, यंदा पाऊस दगा देणार म्हणतायत. "असंल." एकदा अक्का चिडून म्हणाली, "उद्या मी मेले म्हनून सांगाय कुणी आलं तर त्यालाबी असंलच म्हना." त्यावर मात्र ते हसले.

"किती?" फक्त एंजिनासाठी होता, आणि तिथं "असंल" चालत नसे.

सेलूच्या एका शेटजींनी नवी मोटार घेतली तेव्हाची गोष्ट. निजामाच्या मुलखात आमच्या बाजूला मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. शेटजी मुद्दाम जिनिंगच्या फाटकाशी ती घेऊन आले. मी तेव्हा सरकारी कचेरीत नवा नवा कारकून, म्हणजे मुनशी, लागलो होतो आणि सुट्टीचा दाजींकडे बसलो होतो.

"अप्पा, बगा. तीस घोड्यांची हाय."

"घोडे असू द्या शेट. आत किती?"

"आत? टाकीत व्हय?"

"टाकीत न्हाई. सिलिंडरात. पोकळी किती?"

शेटजींनी ड्रायव्हरकडे पाहिलं, ड्रायव्हरनं आभाळाकडे. दाजी समजुतीच्या सुरात म्हणाले, "घोडा सकाळी येगळा, दुपारी येगळा. पेट्रोल बदललं की घोडा बदलतो, चढ लागला की घोडा बसतो. ज्यानं मोजला त्याच्या मनात आलं तर वाढतो. पोकळी तशी न्हाई. जेवढी हाय तेवढीच हाय. मोटारीचं खरं नाव तेच."

आठ दिवसांनी शेटजी कंपनीच्या पुस्तकातला आकडा कागदावर उतरवून घेऊन आले. दाजींनी सिलिंडरची रुंदी आणि पिस्टनची धाव विचारली, जमिनीवर खडूनं गुणाकार केला, आणि शेटजींच्या आकड्यातून बारा सी.सी. कमी केले. त्यानंतर शेटजींची मोटार जिनिंगच्या मागच्या फाटकानं येऊ लागली.

दाजींची स्वतःचीही मोटार होती, आणि खरं सांगायचं तर एवढंच त्यांच्यापाशी होतं. मूलबाळ नव्हतं. ती मोटार एका जहागीरदाराच्या धाकट्या भावाची. विलायती, दोनच माणसांची, लांब नाकाची, जमिनीशी इतकी लगटून की आमच्या काळ्या रानात तिनं जन्म घेणं हीच चूक. लिंबाच्या झाडावर आदळून तिचं नाक आत गेलं होतं आणि ती जिनिंगच्या वखारीत वर्षभर पडून होती. एक दिवस जिनिंगच्या मालकीणबाईंचा निरोप आला, जागा अडलीय, कुणाला पाहिजे तर न्या. दाजींनी दोन बैलगाड्या एकमेकींना बांधल्या आणि तिला घरी आणलं. घरामागच्या गोठ्यात जागा करायची म्हणून त्यांनी गाय आपल्या बहिणीकडे धाडली. अक्का दारात उभी राहून म्हणाली, "गाय गेली अन् हे आलं. आता ह्याचं दूध काढा."

तीन वर्षं ते तिच्याखाली पडून होते. त्या तीन वर्षांत अक्काला नवऱ्याचे पाय तेवढे दिसत. एंजिनाच्या पोटाला तडा गेला होता, तिथं त्यांनी लोखंडी पट्टी बसवली, सात स्क्रूंची. सहा बसले असते, पण सातव्यानं सरळ रेषा व्हायची.

मोटारीच्या पाठीवर पितळेचा बिल्ला होता. दोनचा आकडा आणि पुढं इंग्रजीत लिटर. कंपनीनं तिचं नावच ते ठेवलं होतं. गुलाब नाही, बिजली नाही, नुसतं दोन लिटर. दाजींना त्या नावाचा फार आनंद. "बग मुनशी, ह्या लोकांनी पोकळीचंच नाव ठेवलं. ह्यांना कळतंय." मग त्यांनी मोजलं.

मोजायला मीच होतो, म्हणून सांगतो. परभणीच्या एका डॉक्टरांकडून त्यांनी काचेची नळी मिळवली होती, सी.सी.च्या खुणांची, शंभरपर्यंत. एंजिनाचं डोकं काढायचं, पिस्टन तळाला घ्यायचा, कडेनं ग्रीस फासायचं आणि नळीनं मोजून तेल ओतायचं. दाजी ओतत, मी मोजायचं. पहिल्या खेपेस तिसऱ्या नळीनंतर मी अक्काला चहाचं विचारलं आणि चौथी की पाचवी हे विसरलो. दाजींनी सगळं तेल काढलं, फडक्यानं सिलिंडर पुसला, पुन्हा सुरुवात. दुसऱ्या खेपेस मला शिंक आली. तिसऱ्या खेपेस अक्का दारात येऊन म्हणाली, "ह्याला लेखणी द्या, मोजाय मी बसते." ती बसली, आणि एकदाही चुकली नाही. चार नळ्या भरून, पाचवी अठ्ठ्याऐंशीला आणि वर अर्धा. असे चार सिलिंडर.

"एकोनीसशे चौपन," दाजी म्हणाले. बराच वेळ ते तेलाकडे बघत होते. "दोन हजार न्हाईत."

"दाजी, शेहेचाळीसचाच तर फरक. लोक दोनच म्हणणार."

"लोक म्हनू द्या. कंपनीनं काऊन म्हनावं?"

त्याच दिवशी त्यांनी बिल्ल्याचे दोन स्क्रू काढले, बिल्ला फडक्यात गुंडाळला आणि देवळीत ठेवून दिला. पुढची काही वर्षं मोटार बिननावाचीच हिंडली.

पूर्णेला रेल्वेचा एक गार्ड होता. त्याच्याकडून मोटारीची जुनी विलायती मासिकं यायची. दाजींना इंग्रजीतले फक्त आकडे वाचता येत, म्हणून मजकूर मी वाचायचा. माझं इंग्रजी असं, की अडलेल्या ठिकाणी मी मनानं घालायचो. पण एका अंकातला वाचकांचा पत्रव्यवहार मला नीट कळला, कारण ती माणसं आमच्याच घरातल्यासारखी भांडत होती. एकानं लिहिलं होतं, ज्या मोटारीत दोन लिटर पूर्ण नाहीत तिला दोन लिटर म्हणणं ही फसवणूक आहे. दुसऱ्यानं उलट लिहिलं, सभ्य माणसं जवळचा पूर्ण आकडा घेतात, त्यात एवढं काय. तिसरा म्हणाला, मला मोटारीला घोड्यांवरून ओळखणारे आणि घन इंचांवरून ओळखणारे दोघेही सारखेच नकोत. दाजी मांडीवर हात ठेवून ऐकत होते. त्यांचे डोळे भरून आले.

"विलायतेतबी हायेत म्हन की," ते म्हणाले.

"कोण?"

"आमच्यासारके."

त्यांनी ती पत्रं माझ्याकडून पाच वेळा वाचून घेतली. दर खेपेस माझी भर वेगळी पडत होती, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. पण आकडे तेच होते, म्हणून त्यांनी सोडून दिलं.

मोटार चालायची ती दसऱ्यापासून मिरगापर्यंत. पावसाळ्यात काळ्या चिखलात तिला बैलसुद्धा ओढत नसत. एका शिवरात्रीला त्यांनी अक्काला तिच्यातून औंढ्याच्या नागनाथाला नेलं. अक्कानं पदर डोक्यावरून घेऊन दातात धरला होता, दोघांची तोंडं धुळीनं सारखी झालेली. परत आल्यावर आठ दिवस तिनं "अंग मोडून आलं" एवढंच सांगितलं. मग एकदा भाकरी थापता थापता मला म्हणाली, "गुंडू, वारं तोंडात शिरतं रे. हसता येत न्हाई, अन् हसू थांबत न्हाई."

मी ते दाजींना सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं.

चालून चालून सिलिंडर झिजले. मोटार धूर ओकू लागली. रेल्वेच्या कारखान्यात दाजींची ओळख होती. तिथं चारही सिलिंडर आतून एकेक मिलिमीटर वाढवून घेतले, पुढच्या मापाचे पिस्टन मुंबईहून मागवले. सगळं जोडायच्या आधी पुन्हा नळी निघाली. या वेळी मला कुणी बोलावलंच नाही. अक्का मोजायला बसली होती. मी गेलो तेव्हा दाजींचा चेहरा लिंगपूजेच्या वेळी असतो तसा होता.

पाच नळ्या भरून, वर दोन आणि पाव. असे चार. दोन हजार नऊ.

"खरी झाली," दाजी म्हणाले.

मी माझी हुशारी दाखवली. "पण दाजी, आता नऊ जास्त झाले की. दोन तर अजूनही नाहीत."

"नावापरीस जास्ती असलं तर चालतं. कमी असू नये." त्यांनी देवळीतला बिल्ला काढला, चिंचेनं घासला आणि जुन्या भोकांवर बसवला. मग गल्लीत पेढे वाटले. लोकांनी पेढे घेतले आणि कशाचे म्हणून विचारलं. दाजींनी सगळ्यांना नीट समजावून सांगितलं, आणि कुणालाही कळलं नाही. अक्का आत चुलीपाशी होती. म्हणाली, "पोरगं झाल्यावानी पेढे वाटायलेत." आवाज थट्टेचा होता. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर दोनेक वर्षांत लढाईची झळ आमच्याकडे पोचली. पेट्रोल चिठ्ठीवर मिळू लागलं. आणि एक दिवस माझ्याच टेबलावर हुकूम येऊन पडला, उर्दूत, ठशठशीत. दोन हजार सी.सी.च्या वरच्या सगळ्या मोटारी सरकारी कामासाठी जमा करायच्या. त्याखालच्या मोटारी मालकांकडेच राहतील. अमुक दिवशी साहेब येऊन पाहणी करतील, मोटारींची फर्द, म्हणजे यादी, तयार ठेवावी.

मी धावत दाजींकडे गेलो. खरं म्हणजे धावायचं कारण नव्हतं. मोटारीच्या लायसनच्या बुकात कंपनीचा आकडा होता, एकोणीसशे चौपन्न. सिलिंडर वाढवल्याचं सरकारला कोण सांगणार? माहीत असलेली माणसं आम्ही तिघं, आणि पेढे खाऊन विसरलेली गल्ली.

दुपारची वेळ होती. दाजी मोटारीच्या पायरीवर बसले होते. अक्का समोर उभी.

"बुकात खाली हाय ना? मग झालं," ती म्हणाली. "तुमी खोटं बोला म्हनत न्हाई मी. गप बसा. तुमाला गप बसता येतं. घरात तर लय येतं."

दाजींनी पुष्कळ विचार केला. "इचारलं न्हाई तर बोलनार न्हाई," ते म्हणाले. मग मला, "मुनशी, बिल्ला काढून ठिवू का?"

आणि इथं मी माझी कचेरीतली अक्कल पाजळली. म्हटलं, "नको. स्क्रूची भोकं ताजी दिसतील. साहेबाला वाटेल काहीतरी लपवतायत. आहे तसं राहू द्या."

त्यांनी ऐकलं. माझं एवढं एकच त्यांनी कधी ऐकलं असेल.

पाहणीच्या सकाळी कचेरीच्या आवारात लिंबाखाली चार मोटारी उभ्या होत्या. शेटजींनी आवारातच आपल्या मोटारीची दोन चाकं काढून ती नादुरुस्त म्हणून लिहवून घेतली होती. एका वकिलांनी बुकातल्या आकड्यावर शाई सांडली होती. मी हे सगळं फर्दीत उतरवत होतो. माझं उर्दू अक्षर सुंदर होतं; त्या दिवशी जेवढं खोटं त्यात उतरलं तेवढं सुंदर क्वचितच उतरलं असेल.

साहेब हैदराबादेहून आलेले, तरुण, हसरे. बाकीच्या मोटारींकडे त्यांनी कागदापुरतं पाहिलं. दाजींच्या मोटारीपाशी आले आणि थांबले. हातमोजे काढले. नाकावरून हात फिरवत मागेपर्यंत गेले. दाजींचा डावा तळहात नकळत उघडला आणि मिटला. दोघांकडे पाहून मला त्या विलायती पत्रांची आठवण झाली. हा माणूसही त्यातलाच होता.

"किसने बनाई इतनी अच्छी?"

"मैंने, हुजूर."

"माशाल्ला." त्यांनी बुक पाहिलं. "उन्नीस सौ चौपन. छोड दो, मुंशीजी. लिखो, वापस."

मी लिहिलं. खरंच लिहिलं. शाई ओली होती. साहेब वळले आणि त्यांची नजर बिल्ल्यावर गेली. ते हसले. वाईट हसले नाहीत. आपल्या माणसाशी हसावं तसे हसले.

"ये देखो, कंपनीवालों के नखरे. होती है कम, लिखते हैं दो. मिस्तरी, तुम तो जानकार आदमी हो. ये झूटी तख्ती क्यों लगा रखी है? निकाल डालो."

दाजींचे कान लाल झाले. मी त्यांच्याकडे बघून डोळे मोठे केले. फाटकाबाहेर अक्का उभी होती, पदर दातात धरून, औंढ्याला जाताना धरला होता तसाच.

"झूटी नहीं, हुजूर," दाजी म्हणाले.

"क्या?"

"दो हजार नौ."

साहेबांचं हसू गेलं. त्यांनी माझ्या फर्दीकडे पाहिलं, मग बुकाकडे, आणि अगदी हळू म्हणाले, "मिस्तरी, कागद में उन्नीस सौ चौपन है. मैंने कागद देखा. और कुछ सुना नहीं."

त्या माणसानं दार उघडं धरलं होतं. आणखी काय करायचं त्यानं?

दाजींनी कोटाच्या आतल्या खिशातून फडकं काढलं. फडक्यात ती काचेची नळी होती. घरून आणली होती. म्हणजे निघतानाच त्यांना स्वतःचा भरवसा नव्हता. "मापके दिखाता हुजूर. एक एक मिलिमीटर बढाया है. पाँच नली, ऊपर दो और पाव. पहले झूटी थी, सो मैंनेच निकाल के रखी थी. अब झूटी नहीं."

साहेबांनी नळी हातात घेतली, उन्हात धरून खुणा पाहिल्या आणि परत दिली. मोजायला सांगितलं नाही. शेटजींच्या काढलेल्या चाकांवर त्यांनी विश्वास ठेवला नव्हता, हे मला दिसलं होतं. तरी ती मोटार त्यांनी सोडून दिली होती. दाजींच्या शब्दावर मात्र त्यांचा विश्वास बसला, आणि म्हणून त्यांना काही करता येईना. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "काट दो."

मी ओल्या शाईवर रेघ मारली.

दाजींनी साहेबांना मोटार सुरू करायची खुबी दाखवली. थंडीत अमुक इतकं, उन्हात तमुक. साहेब शिकणाऱ्यासारखे ऐकत होते. मोटार फाटकातून बाहेर पडली तेव्हा अक्का बाजूला सरली. धुळीत बिल्ला चमकला आणि रस्त्याला लागला.

आम्ही घरी आलो. मग अक्कानं विचारलं, "नऊ म्हंजे किती?"

"तू मोजले हायेस की," दाजी म्हणाले.

"तवा सगळे मोजले. निसते नऊ दाखवा."

त्यांनी रांजणातलं पाणी घेतलं, नळीत नऊच्या खुणेपर्यंत भरलं आणि तिच्यापुढे धरलं. तळाशी जेमतेम ओल दिसावी एवढं पाणी. अक्कानं नळी घेतली, उजेडात पाहिली, आणि पाणी पिऊन टाकलं.

"तहान सुदिक भागली न्हाई," ती म्हणाली, आणि नळी धुऊन देवळीत ठेवली.

यानंतर ती त्यांच्याशी वाईट वागली असं नाही. भाकरी वेळेवर, पूजेचं पाणी वेळेवर. फक्त त्या मोटारीचं नाव तिनं पुन्हा कधी काढलं नाही. गाय परत आणू या का, असं मी एकदा विचारलं. अक्का म्हणाली, "कशाला?" दाजी म्हणाले, "असंल तसं असू दे." गोठा रिकामाच राहिला.

लढाई संपली. मी दाजींच्या वतीनं चार अर्ज लिहिले, माझ्या सुंदर अक्षरात. पहिल्याला उत्तर आलं की अर्ज पोचला. दुसऱ्याला, की अर्ज पुढं पाठवला. तिसऱ्यात दाजींनी मला मोटारीचं वर्णन पुन्हा लिहायला लावलं, कारण मी घाईत "अंदाजे दोन लिटर" लिहिलं होतं. चौथ्याला उत्तर आलं नाही. ते साहेब कुठं बदलून गेले कुणाला ठाऊक. दाजी रोज जिनिंगात जात, तळहात ठेवत, एंजिन सुरू करत. अजून कुणी घोड्यांच्या गप्पा मारल्या तर "किती?" म्हणून विचारत, पण आता उत्तरासाठी थांबत नसत. मला त्यांच्याशी बोलायची भीती वाटू लागली होती. मला वाटे, ते एक दिवस बिल्ल्याच्या माझ्या सल्ल्याचं बोलणं काढतील. त्यांनी कधीच काढलं नाही. मला ते जास्त जड गेलं.

शेवटची गोष्ट ताडकळसची. निजामाच्या राज्याचे अखेरचे महिने. दिवस धास्तीचे होते, माणसं उजेडी निघून उजेडीच घरी पोचत. आमच्या एका आत्याच्या दिवसकार्याला मी आणि दाजी तिथं गेलो होतो. बाजाराचा दिवस. कार्य उरकून बैलगाडीकडे चाललो असताना दाजी मधेच थांबले.

पुढं पिठाची चक्की होती. आत एंजिन चालू होतं. मला ते सगळ्या एंजिनांसारखंच वाटलं. दाजींनी मान वाकडी करून ऐकलं आणि आत शिरले.

पिठाच्या धुरळ्यात, विटांच्या ओट्यावर, नाक नसलेलं, चाकं नसलेलं नुसतं एंजिन बसवलेलं. चक्कीचा पट्टा त्याच्या टोकाला. पोटावर लोखंडी पट्टी होती. मी स्क्रू मोजले. सात.

दाजींनी डावा तळहात भिंतीला टेकला. तीन ठोके पडायचे आणि चौथ्याच्या जागी काहीच नाही. एक सिलिंडर मेलेला होता. मला गणित येत नाही, हे सगळ्या घराला ठाऊक आहे. पण त्या क्षणी ते माझ्या डोक्यात आपोआप झालं. पाचशे दोन आणि पाव, तीन वेळा. पंधराशे पावणेसात. मी कधी नव्हे ते बरोबर होतो आणि वाट बघत होतो, की आता ते विचारतील, "किती?"

चक्कीवाला पिठानं पांढरा झालेला, गमत्या माणूस. "काय बगायलाव, अप्पा? दळन हाय का?"

"न्हाई. एंजिन बगायलोय. कुठून आनलं?"

"लिलावात निघालं म्हनं, चार हात फिरून आलं. लय दणकट हाय. दिसभर दळतंय." त्यानं एंजिनावर थाप मारली. "चाळीस घोड्याचं हाय, अप्पा. चाळीस!"

मी दाजींकडे पाहिलं. त्यांच्या भुवयांवर पीठ बसलं होतं. भस्माचे तीन पट्टे त्यात दिसेनासे झाले होते. त्यांनी तळहात भिंतीवरून काढला आणि धोतराला पुसला.

"असंल," ते म्हणाले.

आम्ही गाडीत बसलो. गाडीवानानं बैल हाकलले. ताडकळस मागं पडलं, चक्कीचा आवाज केव्हाच ऐकू येईनासा झाला. दाजी पाय लांब करून, डोळे मिटून बसले होते, झोपले असं वाटावं. फक्त त्यांचं एक बोट गाडीच्या फळीवर वाजत होतं. तीनदा वाजायचं, आणि चौथ्या खेपेला वरच्या वर थांबायचं.